मोतीच्या मानेवरची हळद

वहिनी,

सकाळी मोतीला पाणी दाखवायला गेले आणि तशीच त्याच्या पाठीवर बसले. हळद लागल्यावर उंबरा ओलांडायचा नसतो, मला ठाऊक हाय. पण उद्या सासरी गेले की म्हातारा मोती परत दिसंल का?

मला घिवलीच्या किनाऱ्यावर जायचं होतं. टांग्याचा घोडा तो, लगाम ओढूनही वळला नाय. सरळ बोईसर स्टेशनावर जाऊन टांग्यांच्या रांगेत उभा राहिला. गाडीची माणसं पांगली, तेव्हा आपणहून घरी फिरला.

आता मावशी दारातच बसलीय, मला अंगणात सोडत नाय. मोतीच्या मानेवर माझ्या हातांची हळद लागलीय. बाबा यायच्या आत पूस. जोरात घासू नको. नाय निघाली तर राहू दे.

सुलू