मी कुठं तंबाखू खाते

१२ नोव्हेंबर, बुधवार
शेवटी ह्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलंच. रिटायर झाल्यापासून दिवसाला चार खर्रे, गालात सदा सुपारी-तंबाखूचा लगदा, आणि गेला महिनाभर तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरीण तरुण, तेलुगू, हिंदी बरी बोलते. तोंड पुरेसं उघडतं का पाहायला ह्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. गेली. अजून वेळ आहे, आजपासून बंद करा, म्हणाली. हे खुर्चीतून उठता उठता म्हणतात, "मॅडम, अब इनका भी देखो." मला चिडवायला. मी ऐटीत बसले. तंबाखू? कधीच नाही, असं सांगितलंही.

खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, पांढरा चट्टा.

दात कशाने घासता, विचारलं. हे म्हणाले, "मशेरी." ती म्हणाली, "अदि कूडा पोगाके अम्मा." तीही तंबाखूच. इथल्या शाळेत शिकवताना वीस वर्षं तेलुगूत रजेचे अर्ज लिहिले, एवढं मला कळतं. तुकडा काढून तपासायला पाठवायचा आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
तुकडा काढला. एक टाका. रिपोर्टला आठ-दहा दिवस. कॅन्सर आहे का, विचारलं. रिपोर्ट पाहिल्याशिवाय सांगणार नाही म्हणाली. खोटा धीर दिला नाही. आधी राग आला, मग बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळेत बालदिन. तंबाखूमुक्तीची शपथ दरवर्षी मीच देते, आवाज मोठा म्हणून. इथून आत तंबाखू बंद, अशी फाटकाबाहेरची पिवळी रेघही मीच उन्हात उभी राहून मारून घेतली. आणि पर्समध्ये मशेरीची डबी! रोज मधल्या सुट्टीत नळावर जाऊन बोट फिरवायचं. चौदा वर्षांची होते, दाढ दुखत होती, आईनं लावून दिली. तेव्हापासून. पान तव्यावर भाजताना सगळं घर खोकायचं, तरी त्याला तंबाखू कुणी म्हणालं नाही.
टाका दुखतो सांगून आज शपथ टाळली. लाज वाटली.

१६ नोव्हेंबर, रविवार
मशेरी बंद, चौथा दिवस. डोकं ठणकतं. पोट साफ नाही. दोनदा चहा घेऊन उपयोग शून्य. ह्यांच्यावर विनाकारण ओरडले. हे उलटून बोलले नाहीत, नुसते फेऱ्या मारत राहिले, तेव्हा ध्यानात आलं, ह्यांनीही खर्रा सोडलाय. न सांगता. दोन चिडकी माणसं एका घरात बडीशेप चघळत बसलो.
शांताचा फोन. धाकटी बहीण, तलमडुगुला शेती करते, माझी मशेरी तीच भाजून पाठवते. सांगितलं तिला सगळं. "काऊन घाबरून राह्यली ताई? आपण कुठं तंबाखू खातो? थुकूनच तं टाकतो." परवापर्यंत मीही हेच म्हणत होते.
मुलीला कळवलं नाही. सातवा महिना आहे तिला. नातवंड मांडीवर घ्यायला मी... पुरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. कॅन्सर नाही. तिसऱ्यांदाही लिहावंसं वाटतंय.
चट्टा धोक्याचा खरा, पुढेमागे बिघडू शकतो. मशेरी कायमची बंद, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मी सगळ्याला हो हो म्हणत होते, ऐकू निम्मंच येत होतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. हे शेजारी उभे, हातात माझी पर्स. "चाल ना, लोक पाहून राह्यले." पाहू द्या म्हटलं.
मुलीला फोन केला. आधी लपवलं म्हणून झापलं तिनं, मग रडली. घरी येऊन वरण-भात, वर तूप. दोनदा वाढून घेतला. इतक्या दिवसांनी भाताला चव होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार
स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. सगळं, डबीसकट. दोघींची जीभ ओठाखाली फिरलेली मी पाहिली. हलकं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार
शांताकडे जाऊन आले. कापसाची वेचणी जोरात, ओसरीत ढीग. तिला उजेडात बसवलं, ओठ खाली ओढला, मोबाइलचा टॉर्च मारला.
"दिसते का काही?"
"नाही."
"मंग झालं," म्हणून हसली.

खरंच काही दिसलं नाही. पण चाळीस वर्षं रोज आरशासमोर बोट फिरवलं, मला माझा चट्टा तरी कुठं दिसला होता? हेच तिला म्हटलं. तिचं हसणं थांबलं. उद्या ये, मी अर्धी रजा टाकते, बायकांना बस फुकट आहे, म्हटलं.
"वेचाले बाया सांगून ठेवल्या, उद्या कसं जमन?"
हातातलं बोंड सोलायला लागली. मग एकदम, "तोंडात सुई टोचते काय ते डाक्टरीण?"
मी खरं सांगितलं. तुकडा काढायचा असला तर टोचते.
"पाहतो," म्हणाली.

सकाळी तलमडुगुची बस दहाला येते. मी साडेनऊपासून स्टँडवर असेन.