पाढ्यांना आमेन

प्रिय पप्पा,

हे पत्र टपालात टाकलं तर माझ्यामागून पोचेल. म्हणून शनिवारी घरी आले की तुमच्या हातात देईन आणि सरळ आंघोळीला निघून जाईन. तुमचं वाचून होईपर्यंत मी काही बाहेर येणार नाही.

इथल्या सेवाशिबिराचा आता शेवटचा आठवडा. बाकीचे सगळे खुशीत आहेत. मुलं अंगणात गिटार घेऊन निरोपाची गाणी बसवतात, मुली नाटकाची तालीम करतात. मी मात्र वृद्धाश्रमाच्या मागच्या खोलीत. आमच्या गटाच्या लीडरदादाने पहिल्याच दिवशी कामं वाटली. मला ना गाता येतं ना नाचता येतं, तेव्हा माझ्या वाट्याला आले इथले एक आजोबा. पूर्वी बस चालवायचे, आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. दुपारचं जेवण झालं की त्यांचा हात हातात घ्यायचा आणि प्रार्थना करायची, एवढंच काम. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. दादा म्हणाला, तू मराठीतच कर, देवाला सगळ्या भाषा कळतात. देवाला कळतात हो, पण इथे मराठी समजणारी मी एकटीच आहे. दिवसभर मोडकंतोडकं इंग्रजी बोलून जबडा दुखतो. संध्याकाळी सगळे गोल करून बसले की मी पाण्याची बाटली भरायला उठते, ती भरतच बसते. इतकं एकटं मला होस्टेलच्या पहिल्या आठवड्यातही वाटलं नव्हतं.

पहिल्या दुपारी काय झालं ते सांगते, रागवायचं असेल तर रागवा. आजोबांनी हात पुढे केला, डोळे मिटले. नर्सबाईसुद्धा गोळ्यांचा ट्रे खाली ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, हे प्रभू. पुढे काही येईचना. आजोबा थांबलेले, नर्सबाई थांबलेल्या. आणि चर्चच्या पाळकसाहेबांच्या लेकीच्या तोंडून, अगदी तुमच्या रविवारच्या सुरात, बाहेर पडलं, बे एके बे, बे दुणे चार. बे दाहे वीसवर मी थांबले, तर आजोबा म्हणाले, “आमेन.” नर्सबाईंनी डोळे पुसले. मला हसावं की रडावं ते कळेना.

मग काय, रोज पाढे. कधी एक, कधी दोन. तुम्ही मारूनमुटकून पाठ करून घेतले होते ना, ते शेवटी असे कामाला आले. एकोणतीसच्या पाढ्यात मी दोनदा अडखळले, तेव्हा आजोबांनी माझा हात थोपटला. त्यांना वाटलं, पोरीला भरून आलं. पप्पा, मला त्या वेळी स्वतःची फार लाज वाटली.

या सोमवारी तीसचाही पाढा संपला. मग त्याच सुरात मी घरचं सांगू लागले. आपला गळका नळ, शेजारच्या काकूंची भांडणं, काय वाट्टेल ते. मंगळवारी बोलण्यात मम्मी आली. आणि काल सगळंच सांगून टाकलं. तुम्हाला सांगायचा दोन वर्षं धीर झाला नाही, ते एका परक्या माणसाला, ज्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

मम्मीच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही म्हणालात, तू बाहेर बसून प्रार्थना कर, मी आत करतो. मी केली नाही. मला भूक लागली होती. मी खाली कँटीनमध्ये गेले, चहा घेतला, बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. वर आले तर तुम्ही दारात उभे होतात. नंतर जो भेटेल त्याला तुम्ही सांगत राहिलात, माझी लेक शेवटपर्यंत प्रार्थनेत होती. मी गप्प बसले. मी प्रार्थना केली असती तर मम्मी राहिली असती का, हे मला कुणालाच विचारता आलं नाही. तेव्हापासून ‘हे प्रभू’च्या पुढे शब्द येत नाही. इथे आल्यावर येईल वाटलं होतं. नाही आला.

आता लीडरदादाने तुम्हाला कळवलंय की तुमच्या मुलीच्या प्रार्थनेशिवाय आजोबांचा डोळा लागत नाही. तुम्ही लगेच चर्चच्या मंडळीत जाहीर करून मोकळे झालात, रविवारी माझी साक्ष. मेसेज वाचला आणि फोन उशीखाली टाकला. इकडे निघताना मंडळीतल्या सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले होते. त्यांच्यासमोर उभं राहून देवाने माझ्याकडून काय काय करून घेतलं ते मी रंगवून सांगणार नाही. आणि खरं सांगायचं तर ते आधी तुम्हाला, मग जगाला. म्हणून हे लिहायला बसले. पप्पा, रविवारी माझं नाव पुकारू नका.

अजून एक, मग पुरे. पूर्वी ताटातला भात निवेपर्यंत तुमची प्रार्थना चालायची, मम्मी वैतागायची. ती गेल्यापासून तुम्ही जेवणाआधी डोळे मिटता, पण ओठ हलत नाहीत. चर्चमध्ये तासभर बोलता आणि घरी नुसतं आमेन. मला माहीत आहे, कारण माझे डोळे उघडे असतात. दोन वर्षं घरी जेवताना मी तुमच्याकडे बघतेय आणि काही विचारत नाही. शनिवारी जेवायला बसलो की डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा.

तुमचीच,
बबडी