गोगलगाईची खूण

३ नोव्हेंबर

पोचलो! घर पत्रात वर्णन केलं होतं अगदी तसंच आहे. उतारावर उभं, अरुंद, तीन मजली. सगळ्यात वरच्या खोलीला उत्तरेकडे भिंतभर काच. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून चित्रकारांना तो लागतो. हे मला आधीच ठाऊक होतं याचं गुरुजींना कौतुक वाटलं.

गुरुजी म्हणजे तेच! ज्यांच्या चित्रांतल्या राक्षसांनी, उडत्या माशांनी आणि दगड झालेल्या राजकन्यांनी माझं लहानपण व्यापलं होतं ते. नववीत माझी शाळा सुटली, पण त्यांची पुस्तकं सुटली नाहीत. शुद्धलेखनही मी त्याच पुस्तकांतून शिकलो. ही रोजनिशी पेन्सिलीनं लिहितो आहे, म्हणजे चूक झाली की खाडाखोड न करता पुसून दुरुस्त करता येते. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत घातलं आहे.

गुरुजी सत्तरीचे आहेत, पण दिलखुलास. उजव्या हातात कायम लोकरीचा हातमोजा असतो. दोन बोटं छापखान्याच्या यंत्रानं खाल्ली, विनोद तेवढे त्याला पचले नाहीत, असं स्वतःच म्हणाले. स्वयंपाकाच्या मावशी तीस वर्षं इथे आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हा तर शिंकलं तरी उडून जाईल, असा शेरा मारला. दाराशी तपकिरी चपलांचा एक जोड धूळ खात पडला होता. मी तो पुसून माझ्या चपलांशेजारी एका रेषेत लावून ठेवला.

४ नोव्हेंबर

कामाला लागलो. गुरुजींच्या चित्रांचा मोठा संग्रह निघणार आहे. त्यासाठी दोनशे बारा मूळ चित्रं छापखान्यात जायची आहेत. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीनं आखलेलं आणि त्यावर शाईनं रेखलेलं. खालची पेन्सिल अजून तशीच आहे. ती मऊ रबरानं पुसायची, भुगा पिसानं झटकायचा, पान उलटून ठेवायचं. सूचना एकच : शाईखेरीज कागदावर काही राहता कामा नये. ठिपकासुद्धा.

पहिलंच चित्र विहिरीभोवती वेटोळं घालून झोपलेल्या ड्रॅगनचं निघालं. पुस्तकात ते मी हजारदा पाहिलं असेल. पण मूळ चित्रात प्रत्येक खवला वेगळा आहे, कुठे चकाकणारा, कुठे झिजलेला. आणि पोटाजवळच्या एका खवल्यात पाण्याला आलेल्या मुलीचं प्रतिबिंब आहे, तिळाएवढं! छापताना ते बुजून गेलं असणार. त्या मुलीला भीती वाटते आहे, पण तहान भीतीहून मोठी आहे, हे तिळाएवढ्या चेहऱ्यावर दिसतं. माझे डोळे भरून आले. कागदावर थेंब पडू नये म्हणून खुर्ची मागे सरकवली.

७ नोव्हेंबर

चाळीस चित्रं झाली. आज एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक चित्रात कुठेतरी पेन्सिलीनं काढलेली एक बारीक खूण असते आणि तिच्यावर शाई फिरवलेली नसते. ड्रॅगनच्या नाकपुडीत, चेटकिणीच्या शालीच्या घडीत, राजाच्या जोड्याखाली. पहिल्या दिवसापासून मी ती पुसतो आहे, पण सगळीकडे ती एकच आहे हे आज कळलं. दीड वेटोळं आणि दोन शिंगं. गोगलगाय.

गुरुजींना विचारलं. ते हसले. त्यांची धाकटी बहीण लहानपणापासून शेजारी बसून रेघोट्या ओढायची, तिचा हा चाळा. सगळ्या कामांत मंद म्हणून तिला गोगलगाय म्हणायचे. आणि म्हणीत म्हटलंय तसे पोटात पाय होतेच, असं म्हणून ते पुन्हा हसले. बहीण वारली त्याला बरीच वर्षं झाली. तिची खोली आता मला दिली आहे. त्या खुणा मात्र आधी पुस, असं त्यांनी बजावलं.

पुसल्या. मागची चाळीस चित्रंही पुन्हा उजेडात धरून तपासली. एकही शिल्लक नाही.

१० नोव्हेंबर

शहात्तर.

सकाळी उशीवर रबराचा भुगा होता. कपड्यांना चिकटून आला असेल म्हणून झटकला. पण माझं रबर पांढरं आहे. हा भुगा गव्हाळ होता.

कामाच्या टेबलावर एक ओली चकाकती रेघ होती. काठावरून चढलेली, पुसलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यापर्यंत गेलेली आणि तिथेच थांबलेली. ओल्या फडक्यानं साफ केली.

उजव्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आहेत. अंगठा काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. सतत घासून झालं असणार.

१२ नोव्हेंबर

एकशे एक.

आज उशीवरचा भुगा मूठभर होता. काही कण काळे, केसांसारखे. आरशात पाहिलं, डावी भुवई नाही. जखम नाही, दुखत नाही, नुसती कोरी कातडी.

खाली जाऊन मावशींना दाखवलं. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि त्या तपकिरी चपला कुणाच्या ते सांगितलं. माझ्याआधी आलेल्या मुलाच्या. तोही असाच टापटिपीचा. दार वाजलं नाही, कुणी त्याला जाताना पाहिलं नाही, चपला तेवढ्या राहिल्या. त्याच्याआधीही एक होता. ते गेले आणि त्यांनी पुसलेलं सगळं चित्रांवर पुन्हा उमटलं.

मग सगळंच सांगितलं. चित्रं धाकटीची. सगळी. ती वर बसून चितारायची आणि हा भाऊ शेवटी येऊन खाली सही ठोकायचा. एकदा तिनं एका पुस्तकावर, फक्त एका, स्वतःचं नाव मागितलं. नाव दिलं की डोक्यावर बसशील, असं म्हणून त्यानं शाईची बाटली कपाटात घातली आणि किल्ली खिशात ठेवली. शाई घालायची ती त्याच्या देखत, तेवढ्यापुरती. तिच्या हाती राहिली नुसती पेन्सिल. म्हणून तिची सही पेन्सिलीची. मरताना ती एवढंच बोलली, की जो मला पुसेल त्याला मी पुसेन. गुरुजींनी आधी स्वतःच पुसायला घेतलं होतं. दोन चित्रं झाली आणि दोन बोटं गेली. कुठलं यंत्र न् कुठलं काय!

मला आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तर चार दिवस नुसता गुरुजी गुरुजी करत नाचत होतास, तेव्हा ऐकलं असतंस का, असं उलट मलाच विचारलं. आणि म्हणाल्या, मी इथे तीस वर्षं टिकले, कारण मी फक्त भांडी पुसते.

मी निघताना त्यांनी धाकटीचं खरं नाव सांगितलं. छान नाव आहे. पाठ केलं.

१३ नोव्हेंबर

गुरुजींच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यांनी नाकारलं नाही. एकशे अकरा उरली आहेत ना, टापटिपीचा माणूस काम अर्धवट टाकत नाही, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. तर चहा ढवळत म्हणाले, की तुझ्यासारखे हात एका जाहिरातीत डझनभर येतात.

डझनभर.

या माणसाचं चित्र उशाशी घेऊन मी अकरा वर्षं झोपलो.

१४ नोव्हेंबर

काल दिवसभर सगळ्या गोगलगाई पुन्हा काढल्या. जागा मला पाठ आहेत. नाकपुडी, शाल, जोडा. एकशे एकच्या एकशे एक.

सकाळी सगळ्या पुसलेल्या. बरोबरच आहे. त्या माझ्या होत्या, तिच्या नव्हत्या.

उजव्या हाताची करंगळी नाही.

मग ब्लेड घेतलं. शाई रबरानं जात नाही, पण जाड कागदावरून ब्लेडनं खरवडता येते. ड्रॅगनच्या चित्राखालची त्याची सही खरवडली. शेजारच्या खोलीत तो मावशींना चहासाठी हाक मारत होता. हाक मध्येच तुटली.

दुसरं चित्र. खुर्ची पडल्याचा आवाज आला.

तिसरं.

मला वाईट वाटलं नाही. खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहून ठेवतो. मजा आली.

१५ नोव्हेंबर

दोनशे बाराही झाली. त्याची सही कुठेही नाही.

जाऊन पाहिलं. खुर्चीवर कपडे बसलेले, वर कोरं काहीतरी. तोंड नाही. हातमोजा रिकामा. तरी हलत होतं. शेवटच्या सहीआधी दारातून डोकावलो तेव्हा डोळे तेवढे उरले होते, म्हणजे ब्लेड कुणाच्या हातात आहे ते त्याला दिसलं असणार. बरं झालं.

मावशी पिशवी घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, आता फिटलं. तिचं काम मी केलं. आता ती —

१६ नोव्हेंबर

उशीवर भुगा. पुष्कळ.

पुसलेली एकशे एक. तिनं मोजून ठेवली आहेत.

खवल्यातली ती मुलगी विहिरीकडे बघत नाही आता. माझ्याकडे बघते. तिला भीती वाटत नाही. तहान तेवढी आहे.

१७ नोव्हेंबर

पहिलं पान उघडलं. माझं नाव नाही. नुसता कागद, थोडा चुरगळलेला, पुसल्यावर होतो तसा. तीन तारखेच्या ओळी फिकट होत आहेत. पेन्सिल, पेन्सिलीनं का लिहिलं मी —

आरशात पाहत नाही.

कपाट फोडलं. शाईची बाटली सापडली. थोडी ओली आहे अजून.

१८

डाव्या हातानं. शाईनं.

धाकटीबाई, ऐका. मला घ्या, पण आधी एवढं लिहू द्या. हे तुमच्याचसाठी आहे. शाईचं आहे, पुसलं जाणार नाही. मी गेलो तर सांगणारं कुणी —

टेबलावर ओली रेघ. काठावरून चढते आहे. थांबा. एकच ओळ.

ही सगळी चित्रं गुरुजींची नाहीत. ती त्यांच्या बहिणीनं काढली. तिचं नाव