मस्करी, व्युत्पत्तीसह

८ फेब्रुवारी
भज्यात कापूस! मयूरीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, मला — मुलीच्या आईला! हरणाबाईंनी, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, पृथ्वीराजच्या आईनं, स्वतःच्या हातानं वाढलं. मी चावतेय, चावतेय, तुटेचना. त्यांच्या औंधच्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत. "आवं ईनबाई, भजं लय चिवट झालंय का?" मी पानावरून उठले. हात धुऊन सरळ गाडीत जाऊन बसले. आमचे हे, चिंतामण, मात्र जिलेबी संपवून आले.

९ फेब्रुवारी
मयूरी बोलत नाही. बोलली ती एवढंच — "अगं, विहिणीची मस्करी करतातच तिकडं. आपण उलटून काहीतरी करायचं असतं!"
काय करायचं? आयुष्यभर सांगलीच्या शाळेत मराठी शिकवलं. कापसाच्या भज्यांचा धडा नव्हता.

११ फेब्रुवारी
कोश काढला. मस्करी — मूळ अरबी, मस्खरा. ज्याला लोक हसतात तो. म्हणजे मीच! छान झोप लागली. शब्द परका निघाला की फार बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी
हरणाबाईंचा फोन. "राग आला व्हय?"
मी व्युत्पत्ती सांगितली. अथपासून इतिपर्यंत. वर हेही, की लग्नात असलं काही चालणार नाही.
त्या म्हणाल्या, "शब्द आसंल बाई अरबस्तानातला. आमी आपल्या माणसालाच कापूस चारतो, एवढंच ठावं हाय." आणि शेवटी, "बरं. न्हाई करणार."
जिंकले!

२ मार्च
लग्न पार पडलं. त्याच मांडवात पृथ्वीराजच्या थोरल्या भावाचंही, शंभूराजचं. त्याची नवरी रेश्मा, माण तालुक्यातली. कानपिळीला तिच्या भावानं शंभूराजचा कान असा पिरगाळला की तो बोहल्यावर नाचला! तिच्या आईच्या पानात तिखट भरलेली करंजी पडली. त्या बाईनं अर्धी खाल्ली आणि उरलेली उठून हरणाबाईंच्या तोंडात कोंबली. दोघी डोळे पुसत एकमेकींच्या गळ्यात.
माझ्याकडे हरणाबाई हात जोडून आल्या. "मॅडम, जेवण बरं हाय न्हवं?"
मॅडम! चिंतामण म्हणाले, "कलेक्टरसारखं वाढलं आपल्याला." हे कौतुकच आहे, असं मी धरून चालले.

५ मार्च
मयूरीचा फोन. सकाळी रेश्माच्या चहात मीठ घातलं. घर हसून लोळलं, रेश्माही.
"आणि तुझ्या?"
"साखर. बशी पुसून दिला. आई, माझी कुणीच मस्करी करत नाही गं." आणि रडायला लागली.
मागून हरणाबाईंचा आवाज आला — "रेश्मा, मॅडमच्या लेकीला इचार गं, काय कमी न्हाई न्हवं?"