कपटकेतू प्रधानाची मिशी, हसणे व हेतू यांची व्यवस्था

मी, हंबीरराव केरबा जगदाळे, वय अदमासे छप्पन्न, पेन्शनर हवालदार, धंदा शेती व कपटकेतू प्रधान, राहणार मौजे खालचे कुसबे, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नाही असे म्हणणारा माणूस दोन्ही कुसब्यांत मिळून एकच असून त्याचे नाव या कागदात पुढे वारंवार येईल. मला कोणी दमदाटी केलेली नाही व मी नशापाणी केलेले नाही. पोटात गाठ आहे. ती काढून घेण्यासाठी आज दुपारच्या गाडीने मिरजेच्या दवाखान्यात जायचे आहे. डॉक्टरांनी भिण्याचे कारण नाही असे इतक्या वेळा सांगितले की घरी येऊन मी आधी दौत शोधली.

हा कागद ज्या साहेबांपुढे जाईल त्यांना आमच्याकडची वहिवाट ठाऊक नसणार, म्हणून खुलासा करतो. वरचे कुसबे व खालचे कुसबे यांच्यामधून ओढा वाहतो. भैरोबाची यात्रा दोन्ही गावांची मिळून एकच, आणि यात्रेचे नाटकही एकच, ‘धवलसिंहाचा अंत’. ते वरच्या कुसब्याच्या शाळेतील धन्यकुमार मास्तरांनी लिहिले. पात्रे वाटताना देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. वरच्या गावाला राजा, राणी, सेनापती व हत्ती असा सगळा चांगला माल गेला. आमच्या वाट्याला कपटकेतू प्रधान, हेर, खोटा साधू व मगर आली. तेव्हापासून ही कामे पाटीलकीसारखी घराण्यात चालतात. काम बदलायचे झाल्यास नव्या माणसाने राजाच्या हातून विडा घ्यावा लागतो. विड्याशिवाय तोंडाला रंग लावलेला भैरोबाला चालत नाही.

कलम पहिले. राहते घर, मागचा गोठा आणि ओढ्याकाठचे उसाचे रान.

मला मूलबाळ नाही. पत्नी भामाबाई पटकीच्या साथीत वारली. सबब ही सर्व मिळकत माझी धाकटी बहीण राहीबाई हिचा मुलगा कृष्णात यास देतो. अट एकच. माझ्यामागे कपटकेतूचे काम कृष्णातने करावे आणि तिसऱ्या अंकात हसू नये. अट मोडल्यास घर, गोठा व रान भैरोबाच्या देवस्थानाकडे जावे.

इथे अडचण अशी की कृष्णातचे वडील, म्हणजे माझे मेहुणे नाथाजी अर्जुना शेवाळे, हेच धवलसिंह राजा आहेत. शेवाळ्यांच्या घरात राजे निपजतात, माझा पोरगा प्रधान होणार नाही, मी त्याला विडा देणार नाही, असे त्यांनी भर चावडीत सांगितले आहे. विडा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर घर नाही. सबब या कागदाचा सगळा भार त्या एका विड्यावर आहे, आणि विडा ज्याच्या हातात आहे तो माणूस माझ्याशी बोलत नाही.

कलम दुसरे. हसणे.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात कपटकेतू राजाच्या दुधात विष घालतो. राजा दूध पितो, छाती धरतो, पडतो. मग मास्तरांनी कंसात लिहिले आहे की प्रधान खदाखदा हसतो. मी पल्टणीत जाण्यापूर्वी दोन यात्रांना हसलो. लोक लांबून माझे हसणे ऐकायला येत. पुढे जर्मनशी पहिली लढाई झाली, मी बसऱ्याहून परत आलो, लग्न झाले. पहिल्याच यात्रेच्या आधी मी आरशापुढे हसण्याची तालीम करीत होतो, तेव्हा भामाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मागे न बघता विचारले, “आवं, तुमी लढाईत हुता. तितं मानूस मारल्यावर कुनी हसलं का?”

उत्तर एकच होते आणि ते तिला ठाऊक होते. त्या साली मी हसलो नाही. राजा पडला, मी उभा राहिलो, पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. लोक हसण्याची वाट बघू लागले. मी खांद्यावरचा शेला काढून राजाच्या अंगावर घालायला वाकलो, तर मेलेला राजा ताडकन उठून बसला, खदाखदा हसला आणि पुन्हा आडवा झाला. वरच्या कुसब्याने टाळ्या वाजवून मंडप डोक्यावर घेतला.

पडद्याआड मी राजा झालेल्या दाजींना विचारले की मेलेला माणूस हसतो कसा. ते म्हणाले, “तू हसल्याबिगर मला मेल्यागत वाटंना, गड्या.” मी म्हणालो, मरण्याला दुसऱ्याचे हसणे कशाला लागते. ते म्हणाले, राजा मारला आणि हसला नाही तर तो दुष्ट कसला. बोलणे वाढले. मी त्यांचा मुकुट ओढ्यात टाकला, त्यांनी माझी मिशी टाकली. दोन्ही वस्तू मगरीचे काम करणाऱ्याने काढून आणल्या, कारण त्याच्याकडे पोहण्याचे सामान होते. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, आणि दर यात्रेला मी मारतो व मेलेला राजा हसतो.

सबब कपटकेतूचे हसणे मी समस्त मौजे वरचे कुसबे यास कायमचे देऊन टाकीत आहे. ते निर्वेध आहे, त्यावर कोणाचा बोजा नाही. त्यांनी ते आपसांत वाटून घ्यावे. माझ्या वारसाचा त्यावर हक्क राहणार नाही.

कलम तिसरे. म्हैस.

दुधात विष घालणाऱ्याच्या घरचे दूध कोण घेणार. भामाबाईने पुष्कळ प्रयत्न केला. लोक तोंडावर गोड बोलत आणि दूध दुसरीकडून आणत. आमच्याच गावच्या बायका लेकरांना सांगत की रडू नको, नाहीतर हवालदाराच्या घरचे दूध पाजीन. भामाबाई ते ऐकून हसत घरी येई आणि गोठ्यात जाऊन रडे. तिची म्हैस किंवा तिची धार याविषयी कुणाची तक्रार नव्हती, तक्रार होती ती कपटकेतूची. मला याचा राग तेव्हाही होता व आजही आहे. फक्त दुकानदार भूपालआण्णा मगदूम याने कधी खंड पाडला नाही. तो जैन असल्याने दिवस मावळायच्या आत येऊन, आमच्या उंबऱ्यावर उभा राहून, चारचौघांना दिसेल असे दूध पिई. म्हैस भूपालआण्णास द्यावी. तिचे शिंग वाकडे आहे, स्वभाव सरळ आहे.

कलम चौथे. हेतू.

भामाबाईचा दुसरा प्रश्न होता की त्याने असे का केले असेल. विनाकारण कोण कुणाच्या दुधात काही घालते, असे तिला वाटे. ती गेल्यावर मी या प्रश्नाची रीतसर चौकशी चावडीत लावली. पल्टणीत बूट हरवला तरी चौकशी होते, इथे राजा गेला होता.

साक्षी झाल्या त्या अशा. वरच्या कुसब्याचे एकमुखी म्हणणे पडले की लोभ. मी विचारले, राजा मेल्यावर कपटकेतू गादीवर बसतो का. नाही, सेनापती त्याला लगेच धरतो. एवढे कळत नसलेला माणूस प्रधान कसा झाला, हा प्रश्न चौकशीत शिल्लक राहिला. एक म्हातारी म्हणाली, नाटकात त्याला बायको नाही, हेच कारण, आणखी खोलात जाऊ नका. खोटा साधू म्हणाला की आईबापांनी बारशालाच कपटकेतू नाव ठेवले, मग पोराने करायचे काय. यावर पुष्कळांची मान हलली. भूपालआण्णाने साक्ष दिली की दूध रात्रीचे आहे, दिवस मावळल्यावर तोंडात काही घेतले तिथेच राजा चुकला, विष ही नंतरची गोष्ट. ही साक्ष नोंदून घेतली, परंतु तिने कपटकेतूचा हेतू कळत नाही.

शेवटी मी व भूपालआण्णा रेल्वेने सांगलीस गेलो. धन्यकुमार मास्तर आता तिथे लेकीकडे असतात. त्यांनी आमचे ऐकून घेतले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “हंबीरराव, तिसऱ्या अंकात कुणीतरी मरायला हवं होतं. राजा मोकळा होता.” आम्ही त्यांना विचार करायला चहापर्यंत वेळ दिला. चहानंतर ते म्हणाले की कपटकेतूला आपण फारसे ओळखत नाही, त्याच्याबरोबर इतकी वर्षे तुम्हीच काढली आहेत. हे म्हणणे मला पटले. परत येताना भूपालआण्णा म्हणाला की मास्तर निर्दोष सुटले.

मग मी नाटक पहिल्यापासून काळजीने वाचले आणि मला सापडले. पहिल्या अंकात राजा दरबारात येतो. तो आचाऱ्याला विचारतो, बरा आहेस ना. माळ्याला विचारतो. हत्तीपाशी जाऊन त्याच्या सोंडेवरून हात फिरवतो आणि विचारतो, गजराज, सुख आहे ना. कपटकेतू हत्तीच्या शेजारी उभा आहे. त्याला राजा म्हणतो, “प्रधानजी, पुढचे बोला.” दर अंकात हेच. हत्तीला विचारतो आणि त्याला नाही, आणि तो हत्ती म्हणजे पोत्यातली दोन माणसे. माझे मत असे की कपटकेतूला गादी नको होती. त्याला एवढेच हवे होते की राजाने एकदा मान वळवून त्याला विचारावे. भामाबाई असती तर तिला हे सांगितले असते. ती म्हणाली असती, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते.

कलम पाचवे. नाथाजी शेवाळे यांजविषयी.

हे कलम लिहिण्यास अवघड आहे. आम्ही बोलत नाही ते जमिनीवर. रंगमंचावर बोलणे भागच आहे, कारण राजा व प्रधान न बोलतील तर नाटक कसे चालेल. एका साली दुसऱ्या अंकात राजा माझ्याकडे वळला आणि मास्तरांनी न लिहिलेले बोलला, “प्रधानजी, आपल्या भगिनींना ताप होता, आता उतार आहे.” मी मुजरा करून म्हणालो, “महाराजांची कृपा.” पुढल्या यात्रेला मी राजाला खबर दिली की ओढ्याकाठच्या प्रांतात ऊस चांगला आला आहे. त्यानंतर वर्षभराचे सगळे बोलणे आम्ही दुसऱ्या अंकात उरकू लागलो. कृष्णात ब्रह्मदेशात लढाईवर होता त्या साली राजाने भर दरबारात सांगितले की युवराजांचे पत्र आले नाही, आणि त्याला पुढचे बोलता येईना. मी राजाचा हात धरून त्याला सिंहासनावर बसविले. पेटीवाल्याने काहीतरी वाजविले. लोकांना वाटले की नाटकात आहे.

गेल्या चैत्रातल्या यात्रेत राजाने विचारले, “प्रधानजी, आपण वाळलात. प्रकृती कशी आहे?”

मी म्हणालो, महाराज, पोट दुखते. आणि तिसऱ्या अंकात दुधाचा पेला हातात घेतल्यावर मला कळले की माझा हेतू गेला. ज्याने विचारपूस केली त्याला कशाबद्दल मारायचे. मी पेला घेऊन उभा राहिलो. शेवटी राजानेच तो माझ्या हातून ओढून घेतला, प्यायला, मेला आणि हसला.

सबब दाजींना माझी विनंती आहे. ती आज्ञा समजू नये. विचारपूस दरबारात करू नये, तिने नाटक मोडते आणि कृष्णातला पुढे फार जड जाईल. ती माझ्या घरी येऊन, उंबऱ्याच्या आत, माणसासारखी करावी. मला फार वर्षे तशी वाट बघण्याची सवय झाली आहे व ती चांगली सवय नाही. मला तुमची आठवण येते, दाजी. यात्रा वर्षातून एकदाच येते.

कृष्णातच का, असे विचाराल. तो ब्रह्मदेशातून परत आल्यावर मी त्याला भामाबाईचा पहिला प्रश्न विचारला. तो म्हणाला, “न्हाई मामा. कुनीबी हसलं न्हाई.” त्याला स्वतःला हत्तीचे मागचे पाय करायची हौस आहे, हे मी जाणून आहे. ती हौस त्याने सोडावी.

कलम सहावे. किरकोळ.

कपटकेतूची मिशी घोडीच्या शेपटीची आहे. ती माझ्याबरोबर जाळू नये, कृष्णातने लावावी, ओठाला खाजते तेव्हा खोबरेल लावावे. विषाच्या बाटलीत काळा चहा असतो, तो ताजा करावा. लाकडी तलवार खोट्या साधूस द्यावी, त्याला नाटकात काहीच मिळत नाही. मगरीने राजाचा मुकुटही ओढ्यातून काढून आणला म्हणून तिच्यावर माझा राग होता, तो सोडला. वरच्या कुसब्याच्या पेटीवाल्यावरचा राग ठेवला आहे. भामाबाईची कपड्यांची पेटी व लुगडी राहीबाईने घ्यावीत. माझ्या तेराव्याला वरच्या कुसब्याने जेवायला आलेच पाहिजे, आणि खीर आमच्या म्हशीच्या दुधाची असावी. जो ती खाणार नाही त्याने घरी जाऊन विचार करावा.

वर लिहिलेले सर्व मी एकट्याने लिहून साक्षीदारांसमक्ष वाचून दाखविले आहे. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. मिरजेहून परत आलो तर यात बदल करण्याचा हक्क माझा राहील, परंतु हसण्याबाबत बदल होणार नाही.

मौजे खालचे कुसबे, ता. १८ नोव्हेंबर १९४६, वार सोमवार.

सही: हंबीरराव केरबा जगदाळे, हवालदार.

साक्षीदार पहिले: भूपाल आप्पा मगदूम, दुकानदार. समक्ष सही केली. म्हैस मिळाली नाही तरी चालेल, धनी परत यावा.

साक्षीदार दुसरे: नाथाजी अर्जुना शेवाळे, राहणार मौजे वरचे कुसबे, यांचा डाव्या हाताचा अंगठा. त्यांना बोलावले नव्हते, ते आपण होऊन आले व उंबऱ्याच्या आत बसून सर्व कागद ऐकला. त्यांनी सांगितले तसे भूपाल मगदूम याने लिहिले, ते असे: “समदं आयकलं. घर, रान, म्हस मान्य हाय. इडा मी कृष्णातला दीन, पर त्येचा मामा म्होरं बसल्याला पायजे, त्याबिगर देनार न्हाई. परधान लोभीच हुता, ह्ये माजं म्हननं कायम हाय. ठेसनावर जायाला बैलगाडी जुंपून दारात उबी केलीया, हवालदाराच्या पोटाला दणकं बसू नयेत म्हनून खाली कडबा दुप्पट हातरलाय. मीबी मिरजंला संगं चाललोय. ऱ्हायल्यालं वाटंनं भांडू.”