जाळ्याच्या दोरीवरचं तोरण

२० मे १९६४, नवापूर

कुसुमचं लग्न उद्या, आणि संध्याकाळ झाली तरी दाराला तोरण नाही. दुपारभर ती आणि मी पतंगाचा कागद दुमडून जाळी कातरत बसलो होतो, तिची आई करायची तशी. अक्का, माझी थोरली बहीण, जाऊन तीन वर्षं झाली. पोरीचा हट्ट एवढाच, की दारात आईच्या हातचं वाटेल असं तोरण हवं. ते मला येतं म्हणून तर वर्तमानपत्रातून रजा काढून आलो.

तोरण दाराला बांधून चहाला आत गेलो, तेवढ्यात कावळ्यांनी तोरणाच्या चिंध्या केल्या. शेजारच्या हिरूबाईंना हसू आवरेना. "जाल्याची दोरी हाय ती, भाऊ! कावल्यांना म्हावऱ्याचा वास नाय येनार?"

पण अक्काही हीच दोरी वापरायची. मग तिचं तोरण कसं टिकायचं? बराच वेळ आठवेना. कागदाचे रंग आठवत होते, तिची भरभर चालणारी बोटं आठवत होती. मग दिसलं. मी कात्री घेऊन ताटकळतोय आणि अक्का चुलीपाशी बसून दोरीला राख चोळतेय. नेमका तो कंटाळवाणा भाग मी विसरून गेलो होतो.

सांगताच कुसुम चुलीकडे धावली. हिरूबाई ओरडल्या, "अगो, हलदीच्या हाताला राख लावतंस?"

"आईच्या हाताला लागायचीच ना, मावशी."

मी नवा कागद घेऊन घड्या घालायला बसलो.