ज्येष्ठमध हे औषध नव्हे

१ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून शिस्त. पंधरा तारखेला सुरतेचे यजमान येणार, बेचाळीस माणसं. रामकुंडावर संकल्प मी सांगणार, माइकशिवाय, वडील सांगायचे तसा. चिरंजीव धवल म्हणतो, बाबा, ब्लूटूथ स्पीकर घेऊ. हा पौरोहित्य करतो की वरात काढतो? घसा जरा बसलाय, एवढंच. ज्येष्ठमध आणलं. दिवसाला दोन काड्या चघळायच्या.

३ नोव्हेंबर
बीपीचं चेकअप. १३८/८६. डॉक्टर खूश. विचारलं, गोळीशिवाय आणखी काही घेता? म्हटलं, छे! खोटं नाही बोललो. ज्येष्ठमध हे औषध नव्हे, लाकूड आहे.

६ नोव्हेंबर
काड्या चार. आवाज गोदावरीपार जातोय. सूनबाई वल्लरी बी.फार्म. आहे, आणि ते ती कुणाला विसरू देत नाही. म्हणे, बाबा, ज्येष्ठमधाने बीपी चढतं, गोळीचा उपयोग राहत नाही. म्हटलं, ऋषिमुनींना बीपी होतं का? हात जोडून आत गेली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर
१५६/९४. मशीन बिघडलं. सेल बदलले. १६०/९६. सेलही बोगस.

१० नोव्हेंबर
चप्पल आकसली. आमच्या सौ. मालिनीचं म्हणणं, पाय सुजलेत. चप्पल माझी, पाय माझे, मत हिचं.

१२ नोव्हेंबर, सकाळी
१७२/१००. आता उलगडा झाला: गोळीच मला सोसत नाहीये. गोळी अर्धी, काड्या सहा. एका वेळी एकच बदल करावा म्हणतात. मी दोन केले, वेळ वाचला.

१४ नोव्हेंबर
रामकुंडाच्या पायऱ्या उंच झाल्यात. पोटऱ्यांत गोळे. डोकं ठणकतंय, पण आवाज? अहाहा! उद्या दाखवतोच एकेकाला.

१५ नोव्हेंबर, दुपार, हॉस्पिटल
यजमानांचं गोत्र उच्चारलं आणि पाय गेले. धवलने धरलं म्हणून बरं, नाहीतर कुंडातच होतो. घाबरलो. खरंच घाबरलो. १९८/११०, पोटॅशियम तळाला.
डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, आणखी काही घेता? मी 'छे' म्हणणार, तेवढ्यात वल्लरीने ही वही पुढे केली. कधीपासून वाचते कोण जाणे. डॉक्टरांनी तीन तारखेचं पान दोनदा वाचलं, मग काड्यांची बेरीज केली. नाकारू कसं? यजमानांच्या सात पिढ्या आमच्या वह्यांतून काढून दाखवणारा मी. वहीत आहे ते खरं, हे वाक्य माझंच.

१६ नोव्हेंबर
ज्येष्ठमध बंद, गोळी अख्खी. काल संकल्प धवलने पुरा केला. स्पीकरवर. यजमान भेटायला आले, फळं आणली. म्हणाले, गुरुजी, या वेळी पहिल्यांदा शेवटच्या माणसापर्यंत सगळं ऐकू आलं.
मी यावर काय ते स्पष्ट बोललो. आवाज खणखणीत लागला, हे इथे नमूद करतो. सिस्टर धावत आली. म्हणाली, काका, हळू, बाकीचे पेशंट आहेत.